संपलेल्या माणसाची भीती

अण्णा, काल घरात आलं ते असं. चाकांची निळी बॅग एक, उल्हासनगर कॅम्प चारच्या बाजारातून. त्यानं अडीच हजार सांगितले, मी एकोणीसशेला आणली. पांढरे बूट एक जोड, साडेसहाशे, त्यात एक पैसा कमी केला नाही मेल्यानं. कुवेतच्या हॉस्पिटलातून नोकरीचं पत्र, तीन पानी. मोबाइलवर फुकट आलं, पण छापून द्यायचे झेरॉक्सवाल्यानं तीस घेतले. बॅग मी घासाघीस करून आणली म्हणजे माझा होकार आहे, असं काल घरात सगळ्यांनी धरलं. तसं नव्हतं. बॅग कुठंही लागते. उद्या गावाला जायचं झालं तरी लागेल.

तुमची नात कुवेतला जायचं म्हणते. तुम्ही गेलात तेव्हा दोन वर्षांची होती, तुमच्या चष्म्याच्या काड्या चघळायची. आता उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, अतिदक्षता विभागात, आणि रात्रपाळी करून आली तरी मला म्हणते, "आई, तू दमलेली दिसतेस." सोमवारी तिला त्या पत्रावर सही करून पाठवायचीय. आणि तुमचे जावई, ज्यांनी तिच्या शाळेच्या सहलीच्या चिठ्ठीवरसुद्धा दोनदा विचार करून सही केली, ते म्हणतात, "मी यात तोंड घालणार नाही. कुवेतबद्दल या घरात एकदा तुझ्या माहेरून उत्तर आलं होतं. आताही तिकडूनच येऊ दे." म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले. आई असती तर तिला विचारलं असतं, पण तीही तुमच्या मागोमाग गेली. आता विचारायला वर कुणी राहिलं नाही. वर म्हणजे वयानं आणि वर म्हणजे तिकडे, दोन्ही अर्थी तुम्हीच.

विचारायचंय ते नीट मांडते, कारण माझा गोंधळ तिथंच आहे. हल्ली रोज संध्याकाळी टीव्हीवर आखाताचा नकाशा असतो. माणसं दुसरी आहेत, देश दुसरा आहे, तुमच्या वेळचा तो मिशीवाला कधीच गेला. पण बोलणं तेच. मी समोर मेथी निवडत असते. एक गृहस्थ म्हणतात, तिकडचा सत्ताधीश आता कमजोर झालाय, घाबरायचं कारण उरलं नाही. दुसरे म्हणतात, कमजोर झालाय म्हणूनच घाबरलं पाहिजे. दोघंही शिकलेले, दोघांच्याही मागं पुस्तकांचं कपाट. गोष्ट एकच, की तो कमजोर झालाय, आणि त्यातून दोन उलटी उत्तरं निघतात. माझ्या जमाखर्चात असं कधी होत नाही. एकच रक्कम जमेलाही लागली आणि खर्चालाही, तर मी समजते की कुठंतरी आपलंच चुकलं. इथं मला चूक सापडत नाही. आणि त्यातलं एक उत्तर तुमच्या तोंडून मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि दुसऱ्या उत्तरासारखं वागताना तुम्हालाच बघितलंय.

आधी तुमचं कुवेतच्या नोकरीवरून परत येणं आठवतं. मी तेव्हा नववीत होते. मिशीवाल्यानं कुवेत गिळलं आणि तुमची पत्रं बंद झाली. आई रोज शिवमंदिरात जाऊन यायची, घरात कुणी काही विचारत नव्हतं. मग एक दिवस तुम्ही दारात उभे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, दाढी पांढरी. आईनं काही बोलायच्या आधी पाट मांडला. तुम्ही भात आणि कुळथाचं पिठलं खाता आहात, आणि खाता खाता सांगता आहात, जसं काही दुसऱ्याच कुणाचं. तुम्ही सांभाळायचात ते कंपनीचं स्टोअर लुटलं, नट-बोल्टसुद्धा नेले. मग बसमधून मिशीवाल्याच्याच देशातून आडवं जाऊन पलीकडच्या सरहद्दीवर तंबूत राहिलात, तिथून विमान. वाटेत एका चौकीवर एका पोरसवदा सैनिकानं बंदूक रोखून तुमचं घड्याळ काढून घेतलं. घड्याळ खिशात टाकलं आणि मग तोच तुमच्या हातातल्या रोटीकडं बघून हात पुढं करायला लागला. बंदूक खांद्यावर अडकवून, तळहात पसरून. तुम्ही अर्धी दिली. "बुटाला दोरी नव्हती त्याच्या," तुम्ही म्हणालात. "वायर बांधलेली." आईनं विचारलं, "मग असल्या भुकेल्या लोकांना तुम्ही सगळे कशाला भ्यालात?" तुम्ही तिच्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "अगं, बंदूक भरलेली होती." एवढंच. आणि ताक मागितलंत.

हे मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं. शाळेत मैत्रिणींना सांगितलं. आता वाटतं की तुमचं सगळं म्हणणं त्या एका चौकीवर होतं, आणि मला ते तेव्हाही उलगडलं नाही आणि आताही धड उलगडत नाही. तो सैनिक कमजोर होता की नव्हता? होता. त्याचा धोका होता की नव्हता? होता. पण कुणाला? समोर उभ्या असलेल्या तुम्हाला. सातासमुद्रापलीकडच्या कुणाला नाही.

मग मधली वर्षं. तुम्ही अंबरनाथच्या केमिकल कंपनीत स्टोअरला लागलात, माझं लग्न झालं, आणि मिशीवाला पुन्हा टीव्हीवर आला. मला सातवा महिना होता. डोहाळजेवणाची हिरवी साडी घ्यायला तुम्ही मला कॅम्प चारला तुमच्या नेहमीच्या शेठकडं घेऊन गेलात. दुकानात उंच फळीवर टीव्ही, त्यावर बॉम्ब शोधायला आलेले परदेशी तपासणीवाले पांढऱ्या गाड्यांतून कुठल्यातरी कारखान्यात शिरताना. शेठ साडी उलगडता उलगडता म्हणाले, "अण्णा, बघा, तुमचा दोस्त. सगळी दुनिया बोलते त्याच्याकडं जहर आहे, बॉम्ब आहे. आता सोडणार नाहीत."

तुम्ही चष्मा वर केलात. "त्याच्याकडं काही नाही, शेठ. बारा वर्षं त्याचा माल अडवून ठेवलाय. विमानं उडत नाहीत, दवाखान्यात औषध नाही. हे लोक घरभर फिरून रिकाम्या हातानं परततायत. तो संपलाय. तो कुणाला काय करणार?"

"साईं, घड्याळ तुमचं गेलं, नोकरी तुमची गेली, आणि बाजू तुम्हीच त्याची घेता?"

"बाजू नाही. मी स्टोअरचा माणूस. फळीवर माल असेल तर आहे म्हणतो, नसेल तर नाही."

शेठ हसले, पण हात थांबला त्यांचा. "माझे वडील पण असंच बोलायचे. सिंधमध्ये, फाळणीच्या टायमाला. काही होत नाही, दो दिन में शांत हो जाएगा. वो दो दिन अजून संपले नाहीत, अण्णा. मी इथं निर्वासितांच्या बराकीत जन्मलो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटी, हा पोपटी घे, हा तुला शोभेल. बापाचं ऐकू नको, बाप सस्ता दाखवायला सांगेल."

तुम्ही पाकीट काढलंत.  साडीचे सांगितले तेवढे पैसे दिलेत, त्या दुकानात पहिल्यांदाच घासाघीस न करता. आणि माझ्या मनात तेव्हापासून हे राहिलं की ज्याला त्या माणसानं घराबाहेर काढलं, तो म्हणतो धोका नाही. आणि ज्यानं कुवेत नकाशातसुद्धा नीट पाहिलं नाही, तो म्हणतो, धोका आहे. यात खरं कुणाला कळलं असेल? ज्याचं जळलं त्याला जास्त कळतं असं आपण म्हणतो. पण जळलं तर दोघांचंही होतं, वेगवेगळ्या आगीत.

परत येताना मी तुम्हाला विचारलं, "त्याच्याकडं काही नाही तर मग तो सगळी दारं उघडून दाखवत का नाही? आजच्या आज विषय मिटेल." तुम्ही मला आपल्या सहकारी बँकेच्या दारातला रखवालदार दाखवलात. जाडजूड, दोन नळ्यांची बंदूक मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेला. "ती बंदूक रिकामी आहे," तुम्ही हळू म्हणालात, "काडतूस परवडत नाही म्हणून देत नाहीत. त्यानंच मला सांगितलं. आता तो जर येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणाला, बाबांनो रिकामी आहे, तर ती बंदूक राहील का? काठी होईल. मिशीवाल्याचे शेजारी टपलेले, घरातली माणसं टपलेली. तो कुठल्या तोंडानं सांगेल माझ्याकडं काही नाही म्हणून?" मला ते फार पटलं. घरी येऊन मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "पण चोराला कुठं माहिती रिकामी आहे ते? चोर तर भरलेली समजूनच आधी गोळी घालेल ना रखवालदाराला." हे तुम्हाला विचारायचं राहिलं. आता वाटतं, पुढं जे झालं ते हेच झालं.

आणि मग तो रविवार. यांना विठ्ठलवाडीच्या एजंटमार्फत कुवेतची इलेक्ट्रिशियनची नोकरी आली होती. जळालेल्या विजेच्या मोटारी भरायच्या दुकानात दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळून यांची बोटं कापलेली असायची. त्यातून सुटायची ती एकच वाट होती. हे तुमच्यासाठी खास चांगला चहा घेऊन आले. तुम्हाला तिथली माहिती, तुम्ही म्हणाल तसं करायचं, असं यांनी आधीच ठरवलं होतं. मी ओट्याशी उभी, पोट ओट्याला टेकतंय, कढईत पोहे. यांनी सगळं सांगितलं. तुम्ही बशीत चहा ओतलात.

"नको," तुम्ही म्हणालात.

"अण्णा, पण तुम्हीच म्हणता तो संपलाय."

"म्हणतो."

"कुणाला काही करू शकत नाही म्हणता."

"म्हणतो ना."

"मग?"

"मग नको."

तुम्ही चहा संपवलात, बशी उपडी ठेवलीत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि निघालात. पोहे खाल्ले नाहीत. यांनी एजंटला नाही म्हणून कळवलं. तुमच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत ते. यांच्याबरोबर ज्याचं नाव लागलं होतं तो दुकानातला दुसरा कारागीर गेला. काही दिवसांत लढाई सुरू झाली, तुम्ही रोज पेपर वाचून दाखवायचात. मिशीवाल्याची राजधानी पडली, तो पळाला, पुढं बिळातून बाहेर काढला. जे शोधायला गेले होते ते सापडलं नाही, हेही तुम्हीच वाचून दाखवलंत. पण त्याआधी एक दिवस असंही आलं होतं की कुवेतवर त्यानं क्षेपणास्त्रं सोडली आणि एक समुद्राकाठच्या बाजारापाशी फुटलं. ती बातमी तुम्ही मोठ्यानं वाचायला सुरुवात केलीत आणि मध्येच थांबून घडी घातलीत. नंतर मी तो पेपर उलगडून वाचला होता. म्हणजे ज्याच्याकडं काही नव्हतं त्याच्याकडं तेवढं होतं. पण त्याच्यावर चालून गेले म्हणून त्यानं ते सोडलं, की चालून गेले नसते तरी कधीतरी सोडलं असतं? हे कोण सांगणार? जे झालं नाही त्याची पावती कुठं मिळत नाही.

तो कारागीर तिथं बरीच वर्षं राहिला. त्याला काही झालं नाही. बदलापूरला त्यानं दोन मजली घर बांधलं, वर पाण्याच्या टाकीला विमानाचा आकार दिलाय. त्याच्याकडं सत्यनारायणाला गेलो की हे अंगणात उभे राहून वर बघतात आणि म्हणतात, "हे बघ, तुझ्या अण्णांचा हिशेब." रागानं नाही म्हणत. राग असता तर मी भांडले तरी असते. आणि घरी आल्यावर मी नेहमी एकच म्हणते, अण्णांनी काहीतरी बघूनच सांगितलं असेल. काय बघून, ते मला माहीत नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मी पोरीच्या लंगोट-दुपट्यात, मग तुमच्या दवाखान्याच्या खेपांत, विचारायचं टाळत गेले.

म्हणून परवा मी बदलापूर गावाबाहेरच्या गावदेवीला कौल लावायला गेले. आपल्या गावी आई लावायची तसा. तुम्ही कुवेतला पहिल्यांदा निघालात तेव्हाही तिनं लावला होता, ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना, आणि उजवी आधी पडली, म्हणजे होकार, म्हणून तुम्ही गेलात. इथला गुरव म्हातारा आहे, पण अजून नेमानं कौल देतो. खाली रिक्षा सोडून थोडं चढावं लागतं. मी नारळ, ओटी, शेवंतीची फुलं नेली होती. मनात प्रश्न पक्का केला होता. दिवसभर टीव्हीवाल्यांचं ऐकून दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात येतच नव्हता.

गुरवानं पाकळ्या भिजवल्या आणि म्हणाला, "बोला ताई, काय इचारायचा हाय?"

मी म्हटलं, "तिकडं आखातात एक सत्ताधीश आहे. सगळे म्हणतात कमजोर झालाय. तो आता दुसऱ्या देशांना खरंच काही करू शकतो का, एवढं देवीला विचारा."

त्यानं पाकळी खाली ठेवली. "कोन म्हनता?"

मी पुन्हा सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, हसला नाही. मग विचारलं, "तो हिच्या शिवंत येतो का?"

"नाही."

"मंग तिला कसा ठावं? ओढ्यापासून टेकडीपर्यंत तिची हद. त्याच्या पल्याड काय झाला ता ती सांगत नाय, आनि आमी इचारत नाय. दुसऱ्याच्या शिवंतला इचारला तर तिथली देवी रागावते." मग जरा थांबून म्हणाला, "तुमी हिच्या दारात आलाव, म्हंजे तुमची पोर हिच्या हदीतली ना? मंग पोरीचा इचारा. जाव का नको. सरळ इचारा, सरळ सांगंल."

अण्णा, केवढं सोपं होतं. मी मात्र तिथं ओटीचे तांदूळ सारखे करत बसले. पाकळ्या त्याच्या तळहातावर, तो वाट बघतोय, मागं एक बाई गुराचं विचारायला आलेली, तीही वाट बघतेय.  मी देवीला भीत नव्हते. डावी पडली तर ऐकायची माझी तयारी होती, मी तिचं कधी डावललेलं नाही. पण डावी पडली असती तर घरी येऊन पोरीला सांगायचं काय होतं? नको. का? नको म्हणून. बशीत चहा ओतून, उपडी ठेवून, डोक्यावर हात ठेवून निघून जायचं. आणि पुढं तिनं कुणाच्या तरी अंगणात उभं राहून वर बघत आयुष्य काढायचं. ते मला तिथं दिसलं, एकदम, दोन मजली घर आणि वर विमान. मी म्हटलं, "राहू दे, बाबा." तो म्हणाला, "बरा. ओटी भरा नि जावा." मागची बाई पुढं सरकली आणि म्हणाली, "आमची म्हैस आखातात नाय गेली, एवढा बरा झाला." ती आणि गुरव दोघं हसले. मीही हसले, काय करणार.

उतरताना मनात आलं की टीव्हीवरचे ते दोघं, आणि तुम्ही आणि शेठ, आणि मीही, सगळ्यांनी शिवेबाहेरचंच विचारलं. त्याच्या मनात काय आहे, त्याच्या कपाटात काय आहे, उद्या तो काय करील. हे ज्याच्या हद्दीत आहे त्यालाच ठाऊक, कदाचित त्यालाही नसेल. तपासणीवाले जाऊन बघून आले, फळी रिकामी म्हणाले, तरी ऐकलं नाही कुणी. मग वाटतं, नाही, असं म्हणून कसं चालेल? कुवेतनं शेजाऱ्याच्या शिवेतलं विचारलं नाही म्हणून तर एका सकाळी ते गिळलं गेलं. शेजारी काय शिजतंय ते विचारायलाच हवं. आणि विचारून कळत नाही. इथं येऊन मी अडते. खाली रिक्षात बसेपर्यंत तीनदा मत बदललं माझं. रिक्षावाल्यानं शंभर सांगितले तेसुद्धा निमूट दिले.

आज सकाळी पोर रात्रपाळीहून आली. पांढरे बूट घालून घरातल्या घरात चालून बघत होती, चावतात का म्हणून. मी भाकरी थापत होते. हे दाढी करत होते, म्हणजे आरशाकडं तोंड आणि कान आमच्याकडं.

"आई, तू गावदेवीला गेली होतीस ना? काय म्हणाली?"

"विचारलंच नाही."

"सॉलिड आहेस. नारळ फुकट गेला?"

"देवीला दिलेलं फुकट जात नाही."

ती ओट्याशी येऊन उभी राहिली, मी त्या रविवारी उभी होते त्याच ओट्याशी. "हे बघ, तू नको म्हणालीस ना, तर मी नाही जाणार. सीरियसली. पण कारण सांग मला. पप्पांना कुणी सांगितलं नाही, ते अजून तेच घेऊन बसलेत." आरशापुढचा वस्तरा थांबला. "तिकडं लढाई होईल म्हणून? इथं आमच्या वॉर्डात रोज लढाई असते. टीव्हीवरचा तो म्हातारा सत्ताधीश डेंजर आहे म्हणून? असेल. मला नाही माहिती. तुला माहितीये?"

"नाही."

"मग?"

मला 'मग नको' म्हणता आलं असतं. ओठावर आलं होतं, तुमच्याच आवाजात. मी म्हटलं, "मला भीती वाटते. त्याला कारण नाही."

"भीती चालेल," ती म्हणाली, "ती तर माझ्याकडं पण आहे. सामानात जाईल." आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, गरम लागला म्हणून तोंडातल्या तोंडात फिरवत राहिली. मी म्हटलं, "जा." एवढंच निघालं. हे आरशाकडं बघूनच म्हणाले, "भाकरी करपतेय." करपत नव्हती.

तर होकार देऊन झालाय. मला काही कळलं म्हणून दिला असं समजू नका. त्या सत्ताधीशाबद्दल काल जेवढी अडाणी होते तेवढीच आज आहे. तुम्ही काही न सांगता नको म्हणालात, मी काही न कळता जा म्हणाले; यात शहाणं कोण ते मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, तुम्ही चौकीवरचा तो सैनिक विसरला नव्हता; दुकानात बोलताना तुम्ही स्टोअरचे माणूस होता आणि आमच्या स्वयंपाकघरात माझे वडील. कधी वाटतं, तुम्हाला मिशीवाल्याची भीती नव्हतीच, त्याला मारायला निघालेल्यांची होती. दोघांच्या मधे कुवेत होतं, आणि त्यात तुमचा जावई जाणार होता. आणि कधी वाटतं, यातलं काहीच नव्हतं, मला सातवा होता एवढंच होतं. पोर असं म्हणते. "तुझ्यासाठी नको म्हणाले ते," म्हणते. तसं असेल तर यांचं आयुष्य माझ्यामुळं मोटारींत गेलं, आणि हे मला सांगायला हवं होतंत, म्हणजे मी यांना सांगितलं असतं. की म्हणूनच सांगितलं नाहीत?

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तिकिटाचे पैसे वाचले. पण लिहायला बसल्यावर एक कळलं ते लिहून ठेवते. मी तुमचं कारण विचारायला बसले असं वर म्हटलंय खरं, पण मनातून मला अजून असं वाटतंय की तुम्ही तिथून पुन्हा एकदा 'नको' म्हणावं, नुसतं 'नको', आणि मी ते तिला जसंच्या तसं सांगावं, आणि ती थांबावी. सही ती सोमवारी सकाळी करणार आहे. त्याआधी हाती पडेल अशा बेतानं, उलट टपाली, दोन शब्द तरी लिहा. दोन जमत नसतील तर एक.